लोअर युनिटचं तेल

दसऱ्याच्या आधीचा रविवार, १९८४. सकाळचे दहा. जागा: कारखान्याच्या तलावाच्या काठावरची पत्र्याची शेड. हजर: बाबा, आई, बाबांचे हिंदी बोलणारे मदतनीस नाववाले काका आणि मी, वय वर्षं पंधरा.

बाबा पाणी विभागात फोरमन होते. तलावावर खात्याची एक नाव होती आणि तिच्या मागच्या बाजूला बाहेरून टांगलेली मोटर. वर्षभर ही नाव पाण्याची पातळी बघायला आणि जलपर्णी ओढायला जायची. दुर्गा विसर्जनाच्या दिवशी मात्र ती काठापासून थोडी आत तयार उभी असायची, कारण कारखान्याच्या वसाहतीच्या सगळ्या सेक्टरांमधली माणसं मूर्ती घेऊन पाण्यात उतरायची आणि जोशात कोणीतरी खोलात जायचंच. त्या दिवशी नाव बाबा चालवायचे. अकरा वर्षं तेच चालवत होते.

त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नाव गेली असती. पगार तोच राहिला असता, क्वार्टर तेच राहिलं असतं; फक्त नाव गेली असती. बाबांना तेवढंच नको होतं.

मलाही ठाऊक नव्हतं, पण घरात खुणा होत्या. आमच्या क्वार्टरमधला बोळ इतका अरुंद होता की कपाटाच्या मुठीत आईचा पदर अडकायचा आणि माझं कोपर आपटायचं. नावेत बाबांचा नियम होता की काहीही बाहेर निघालेलं नको. दोर अडकतो, पाय अडकतो. नावेतल्या पेट्यांच्या झाकणांना म्हणूनच लाकडात बुडवलेल्या कड्या होत्या. तोच नियम त्यांनी काही वर्षांपूर्वी घरी आणला. वसाहतीच्या सिविक सेंटरमधल्या दुकानातून मुठींऐवजी बसवायच्या पितळी वाट्या आणल्या, पटाशीने दारांत खाचा खोदल्या आणि प्रत्येक वाटी अशी बसवली की दारावरून हात फिरवला तर कडा लागू नये. बोटं वाटीत घालायची आणि दार ओढायचं. शेजारच्या काकू बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘तुमच्या घरी तं दारंच दिसत नाही वो, नुसत्या भिंती.’’ बाबा आठवडाभर खूष होते.

त्याच दारांपुढे १९८४च्या उन्हाळ्यात बाबा तळहात टेकवून उभे राहायला लागले. हात डावीकडून उजवीकडे सरकायचा, वाटी सापडली की थांबायचा. मला वाटायचं, आपल्याच कामाचं कौतुक करताहेत. याच सुमारास आई कपाळावरची टिकली काढून कपाटावर चिकटवायला लागली. बायका आरशाला चिकटवतात तशी, एवढाच विचार मी केला. ती टिकली नेहमी वाटीच्या बरोबर वर असायची, आणि आईने लहान टिकल्या सोडून रुपयाएवढ्या लाल टिकल्या आणायला सुरुवात केली होती, हे मी बघितलं होतं, जोडलं नव्हतं.

तर तो रविवार. पाऊस संपला की मोटरच्या खालच्या भागाचं काम असायचं. जो भाग पाण्यात बुडालेला असतो, ज्यात पंखा फिरवणारे गिअर असतात, त्याला लोअर युनिट म्हणतात. त्यातलं तेल दरवर्षी बदलायचं. आई डबा घेऊन यायची, कारण बाबा एकदा तिथे बसले की जेवण विसरायचे. मी बाबांनी सांगितलेलं लिहून घ्यायला जायची. काम कळण्यापेक्षा मला त्याची नोंद ठेवणं आवडायचं. अजूनही आवडतं.

मोटर लाकडी घोडीवर टांगलेली होती. नाववाल्या काकांनी खाली पांढरं एनॅमलचं ताट ठेवलं. बाबांनी खालचा स्क्रू काढला, मग वरचा. वरच्या भोकातून हवा गेली की तेल खालून सुटतं. ते ताटात पडलं. बाबांनी थेंबभर तेल अंगठा आणि बोट यांच्यात चोळलं. गिअर झिजले असतील तर बोटाला चुरा लागतो.

‘‘चुरा नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘लिही बेटा. तेल ठीक.’’

मी लिहिलं: तेल ठीक. मग ताटाकडे बघितलं. दरवर्षी ते मधासारखं निघायचं.

‘‘बाबा, हे तं चहासारखं दिसून राहिलं.’’

बाबांचा हात थांबला. ‘‘कोरा का दुधाचा?’’

मला हसू आलं. त्यांच्यापुढे वीतभर अंतरावर ताट होतं. मी आईकडे बघितलं. ती हसत नव्हती. काका ताटाकडे बघत होते आणि मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली. तेव्हा माझं हसू गेलं.

‘‘दुधाचा,’’ मी म्हटलं.

‘‘दूधवाला है, साहेब,’’ काका हळूच म्हणाले.

दुधासारखं तेल म्हणजे आत पाणी शिरलेलं. अशी मोटर भर तलावात बंद पडते, आणि विसर्जनाच्या दिवशी ती कोणाच्या तरी जिवावर बेतली असती. बाबांना हे आम्हा तिघांपेक्षा जास्त कळत होतं. ते स्टुलावर बसले. तेलाचे हात मांडीवर उपडे ठेवून बसले आणि पँट खराब झाली.

आईच बोलली. ‘‘अजी, आता तरी सांगा ना कोणाले.’’

‘‘तुले कधीपासून माहीत?’’

‘‘होळीपासून. तुमी मीठ म्हणून साखर वाढली पाहुण्याले.’’

‘‘मंग बोलली कावून नाही?’’

‘‘तुमी नाही बोलले म्हणून.’’ आईने डब्याचं झाकण काढलं. ‘‘हात धुवा. आधी जेवा, मंग रडा.’’

‘‘मी नाही रडून राहिलो.’’

‘‘नका रडू. पण जेवा.’’

काका मोठ्याने हसले, मग बाबाही. मी तेल ठीक हे शब्द खोडले. आजवर बाबांनी सांगितलेला एकही शब्द मी खोडला नव्हता.

जेवण झाल्यावर काकांनी पंखा काढला. त्याच्या मागे दांड्याभोवती मासे पकडायचा नायलॉनचा धागा गुंडाळलेला होता. तो फिरून फिरून रबरी सीलमध्ये घुसला होता आणि तिथूनच पाणी आत गेलं होतं. काकांनी धागा सोडवून ताटात ठेवला. नवं सील बाबांच्या पेटीत होतं. ते त्यांनी स्वतः बसवलं, आणि बसवताना डोळे मिटून घेतले. सीलची कड अंगठ्याने चहूबाजूंनी थोडी थोडी दाबत ते आत नेत होते. त्यांची बोटं इतकी शांत मी आधी कधी बघितली नव्हती. कपाटापुढे चाचपडणारा हात आणि हा हात एकाच माणसाचे वाटत नव्हते.

सील बसल्यावर ते म्हणाले, ‘‘वही काढ. पहिल्यापासून लिही. काकाले कामी पडन.’’

मी लिहिलं. बाबा सांगत होते तसं मराठीत आणि काकांसाठी खाली हिंदीत. नवं तेल खालच्या भोकातून वर चढवायचं. वरून ओतलं तर हवा अडकते. वरच्या भोकातून तेल दिसलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मगच खालची नळी काढायची. स्क्रूखालचे वॉशर जुने वापरायचे नाहीत. तेलाचा रंग दोन माणसांनी बघायचा. 

सातव्या क्रमांकावर सील आलं. 

‘‘हे सांगून नाही येत, बेटा. हातात हात घेऊन दाखवा लागते. काकाले तं येते. तुले माहे डोळे नीट झाले की दाखवीन. जागा सोडून ठेव.’’

मी जागा सोडली.

सोमवारी बाबा स्वतः साहेबांकडे गेले आणि सगळं सांगून आले. घरी येऊन सवयीने नावेच्या पेट्यांची किल्ली खुंटीवर टांगायला गेले, तेव्हा आठवलं की ती साहेबांकडेच देऊन आलो. आईने चहा केला. कोणीच दुधाचा की कोरा असं विचारलं नाही, पण तिघांच्याही मनात तेच असावं, कारण तिघेही एकाच वेळी हसलो.

विसर्जनाला नाव काकांनी चालवली. बाबा, आई आणि मी काठावर उभे होतो. बाबांना नाव दिसत नव्हती, लांब कुठेतरी पांढरट हलणारं काही असेल तेवढंच. ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती, आणि बाबा मान तिरपी करून फक्त मोटर ऐकत होते. काका वळले की बाबा म्हणायचे, ‘‘वळली.’’ वेग कमी झाला की म्हणायचे, ‘‘थांबून राहिला.’’ प्रत्येक वेळी बरोबर. एक माणूस खरंच खोलात गेला, आणि काकांनी त्याला नावेत ओढून घेतलं. आईने ते बाबांना सांगितलं. बाबांनी तिचा हात धरला, सगळ्यांसमोर, आणि शेवटची मूर्ती जाईपर्यंत सोडला नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतर दुसऱ्याचं. जाड भिंगांचा चष्मा आला. बाबांची बदली कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली आणि रिटायर होईपर्यंत ते तिथेच राहिले. नाव पुन्हा मिळाली नाही, त्यांनी मागितलीही नाही. मी शिकायला नागपूरला गेले, मग लग्न, नोकरी, दोन मुलं. दरवर्षी दसऱ्याला काका बाबांना तेलाचा रंग सांगायचे, रिटायर झाल्यावर फोनवर. बाबा म्हणायचे, ‘‘दुसऱ्यानं पाह्यला का?’’

बाबा आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत आणि नागपूरला माझ्याजवळच राहतात. बोटं थोडी थरथरतात, स्मरण चांगलं आहे. मागच्या महिन्यात मी जुनी वही काढून त्यांना अजून रिकामाच असलेला सातवा क्रमांक दाखवला. ते म्हणाले, ‘‘आणून दे एक जुनं लोअर युनिट, भंगारातलं चालन. दाखवतो.’’

भंगारवाल्यांचे तीन फोन नंबर मी लिहून घेतले आहेत. अजून एकालाही फोन केलेला नाही; ती जागा भरली की बाबांकडून लिहून घ्यायचं काही उरणार नाही.