बिरप्पाची पारख

सांगोल्याकडच्या माळावर मेंढा घ्यायचा तर लोक आधी बिरप्पाला गाठत. तो दात बघे, लोकर चाचपून बघे आणि मग मेंढ्याच्या बापाची अशी चौकशी करी, की सोयरीक जुळवतानाही कुणी एवढी करत नसेल. बापात खोट निघाली की त्याचा अख्खा वाण कळपातून काढायचा, हा त्याचा कायदा. त्यातून लाडकं कोकरूही सुटत नसे.

असा माणूस आजारी पडला. अंगात त्राण राहिना, डाव्या कुशीत पोट ताठ लागू लागलं. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी हाडातला मगज तपासायला पाठवला. रक्ताचा कॅन्सर दिसतोय, हळूहळू वाढणारा, बाकीचं रिपोर्ट आल्यावर बोलू, असं त्या म्हणाल्या. पण बिरप्पाला कुठला धीर! रक्तात खोट म्हणजे वाणात खोट. धाकट्या लेकीची, सुकन्याची तर सुपारी फुटलेली. त्यानं घरात कुणालाही न विचारता होणाऱ्या व्याह्याला, महादेवप्पाला, फोन लावला.

"आमच्या रक्तातच रोग हाय. पोरगी करू नका."

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना.

रिपोर्ट घ्यायला सुकन्या सोबत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जनुकं आईबापांकडून येतात. त्यांच्यावर रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, ते त्या ठरवतात. उतारवयात तुमच्या हाडांच्या मगजातल्या पेशींत बिघाड झाला, खुणा भलतीकडेच बसल्या आणि पेशींना आवर घालणारी जनुकं बंद पडली. इंजेक्शनानं या खुणा थोड्याफार पुसता येतात. तुम्हाला किती गुण येईल, ते आज नाही सांगता येत."

"आन् पोरीला?" बिरप्पानं विचारलं.

"हा बिघाड सहसा मुलांकडे जात नाही."

त्याला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मग आपण हे काय करून बसलो? तो लगबगीनं व्हरांड्यात आला आणि महादेवप्पाला फोन लावून सगळं सांगितलं.

"पाव्हणं," महादेवप्पा म्हणाला, "वाणाबद्दल तुमी सांगितलेलं आजवर कदी खोटं निघालं न्हाय. मग आता डाक्टरचं खरं मानू, का तुमचं?"

फोन बंद झाला. सुकन्या पाठीमागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा, मी काय मेंढरू हाय व्हय? मला इचारायचं तरी की."

बिरप्पाला आजाराचं भय होतंच. आता पोरीच्या तोंडाकडं बघायचंही भय वाटू लागलं.