मोठ्यानं सांगितलेले घोडे

काचबिंदूनं नजर गेल्यापासून सासऱ्यांनी एकच पालुपद लावलं होतं: मी येऊन काय करू, मला काय दिसणार आहे? पुतणीच्या लग्नाला नाही, नातवाच्या गॅदरिंगला नाही. काचीगुड्याच्या घरात खिडकीशी बसून राहायचं, एवढंच. मला त्या पालुपदाचा मनस्वी राग यायचा. त्यामुळे शहराबाहेरच्या घोड्यांच्या पार्कात वेगवेगळ्या जातींचे घोडे दाखवणार आहेत असं कळलं, तेव्हा मी त्यांना विचारलंच नाही. चपला त्यांच्या पायापुढे ठेवल्या आणि गाडी बोलावली. वकिली जोरात असतानाही पहाटे मलकपेठला रेसच्या घोड्यांचा सराव बघायला जाणारा माणूस तो. कुरकुरत का होईना, निघाले.

कठड्याला लागून पुढच्याच रांगेत बसलो. माइकवरचा माणूस इंग्रजीत जातीचं नाव सांगे आणि लगेच प्रायोजकांचे आभार मानी. घोडा दिसतो कसा, हे सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"अरबी आला, बाबा. ब्राऊन आहे."

"ब्राऊन काय ग? आयाळ काळी आहे की अंगाच्या रंगाची?"

"काळी. शेपटीही काळी."

"मग कुमैत म्हण."

मग मारवाडी घोडा आला. त्याचे आत वळलेले, टोकाला टोक भिडलेले कान मला शब्दांत सांगता येईनात. मी सरळ सासऱ्यांचे दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर नेले आणि बोटांची टोकं जुळवली. ते तसेच हात धरून बसले आणि खो खो हसले. त्यांचं हे हसू मी विसरूनच गेले होते.

शेजारचा तरुण मोबाइलवर शूटिंग करत होता. तो वैतागून म्हणाला, "आंटी, जरा हल्लू बोलो ना. वीडियो में आपकीच आवाज आरी."

"आरी तो आने दो," मी म्हणाले. "मेरे ससुर को दिखता नहीं. मैं उनको दिखारी."

त्यानं पार्कातल्या एका कर्मचारी बाईला बोलावलं. ती गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पीछे कुर्सियां खाली हैं, उधर बैठ जाओ." मागे मंडपाचे खांब होते. तिथून मलाही धड दिसलं नसतं.

"नक्को," मी म्हणाले. 

तोवर सासरे काठी चाचपू लागले होते. "राहू दे ग. लोकांना तकलीफ होऊ लागली. चल घरी."

मला भीती वाटली. आज असे उठून गेले असते, तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पडले नसते. भीतीनं माझा आवाज आणखी चढला. "बसा, बाबा. तुम्ही घोडे बघायला आलात, बघूनच जायचं. आपण काही यांच्या व्हिडिओसाठी आलो नाही."

आमच्या घरात सून सासऱ्यांना असं दटावत नाही. ते काठी धरून तसेच बसून राहिले. कर्मचारी बाई हलेना, तरुण फोन रोखून बघत होता, आणि तेवढ्यात पुढचा घोडा आत आला. एवढ्या नजरांपुढे माझाही धीर थोडा सुटला असावा. मी त्यांच्या कानाशी वाकून हळूच सांगितलं.

"काय?" सासरे कोर्टात बोलावं तसं खणखणीत म्हणाले. "ऐकू येत नाही मला. मोठ्यानं सांग."

त्यांना शेजारच्या घरातली कुजबुजसुद्धा ऐकू येते. मी कठडा धरून उभी राहिले आणि ओरडले, "भीमथडी, बाबा! काळा, बुटका, छाती भरलेली, आणि कुणाकडे ढुंकून बघत नाही!"