इथेच तर असतं

मडिकेरीच्या होमस्टेत पहाटे जाग आली, तर हे भिंत चाचपत उभे होते. खिडकीबाहेर कॉफीच्या मळ्यावर धुकं होतं आणि खोलीत जेमतेम उजेड.

"अहो, काय शोधताय?"

"दिव्याचं बटण. इथेच तर असतं."

बटण दाराच्या दुसऱ्या बाजूला होतं. यांचा हात फिरत होता तिथे ते आमच्या सांगलीच्या घरात असायचं. ते घर विकून चार वर्षं झाली. निवृत्तीनंतर एका जागी बसायचं नाही, हिंडत राहायचं, हे यांचंच स्वप्न. भांडीकुंडी वाटून टाकली आणि निघालो. महिना इथे, पंधरा दिवस तिथे. नवं गाव आलं की हे आधी बाजार पालथा घालायचे आणि परतीची वाट मला समजावून सांगायचे. ते मोकळेपण मलाही आवडू लागलं होतं.

हल्ली मात्र प्रत्येक नव्या खोलीत ते असे भिंतीशी उभे दिसतात. माणूस कितीही हिंडला तरी त्याच्या हाताला एखादी ओळखीची भिंत लागतेच का? लागत असेल, तर ती आता मी कुठून आणू?

मी दिवा लावला, त्यांना पलंगावर बसवलं.

"आज निघायचंय ना आपल्याला?"

"नाही. आता इथेच राहू या."

त्यांचा चेहरा एकदम निवळला. "म्हणजे घरी पोचलो तर!"

मी हो म्हटलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून कपडे कपाटात लावू लागले.