वीसच्या वर नाही
जळक्या तेलाचा वास आला की धारचं माझं दुकान आठवतं, आणि मागे निळा धूर सोडत येणारे, सतरा-अठरा मैलांवरच्या अमझेऱ्याचे मास्तर. त्यांची जुनी मोटरसायकल फार तेल पीत होती. मी प्लगच्या भोकातून थोडं तेल आत सोडलं, तशी किक जड झाली; म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या. नव्या घातल्या आणि दरडावलं, "मास्तर, पहिले पाचशे मैल ताशी वीसच्या वर न्यायची नाही. नेलीत तर इंजिन जागीच जाम होईल." नुसतं सांगून कुणी ऐकत नसे, म्हणून मी सगळ्यांनाच वाढवून सांगायचो. आठवड्याने मास्तर पुन्हा दुकानाशी आले. मागे धूर नव्हता. मी खुशीत विचारलं, "आता पिते का तेल?" "थेंबभर नाही, भिया," ते म्हणाले. "काल पोरीचा घटसर्पाने श्वास कोंडला, म्हणून इथे इस्पितळात आणली. ही मागे तिला घेऊन बसली होती, सारखी म्हणत होती, जोरात घ्या. पण गाडी वाटेतच जाम झाली असती तर? वीसच्या वर नेली नाही मी. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर वाचली असती." अमझेऱ्याहून भरधाव आणली असती, तरी त्या इंजिनाला काही झालं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितो आहे.