बाहेरून लावलेलं कुलूप

नव्वदच्या दशकात आम्ही वाशीला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी जवळच्या पावणे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात, बायको शाळेत. साताऱ्याकडून आणलेली आई दिवसभर एकटी. तिला नीट दिसत नव्हतं आणि बेल वाजली की ती कोणालाही दार उघडायची, म्हणून आम्ही बाहेरून कुलूप लावून जायचो. मी त्याला काळजी म्हणत होतो.

एके दिवशी कामावरून परतलो, तर समोरच्या इमारतीतल्या एका घरातून धूर येत होता आणि अग्निशमन दलाचे जवान कुलूप तोडत होते. आत कोणी नव्हतं. लोक हायसं वाटून पांगले. मला मात्र हलता येईना. आमच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

भाऊ फोनवर म्हणाला, "गावी पाठव तिला."

"मी न्हाई जायची," आई म्हणाली. "तू कुलूप काढ. भाईर कसं पडायचं ते माझं मी बघीन."

"रविवारी, धूर भरलाय असं समजून, डोळे मिटून एकटी खाली येऊन दाखव. मग राहा." असं आईला बोललो, याची आजही लाज वाटते.

आठवडाभर तयारी चालली. पॅसेजमधलं चपलांचं कपाट हलवलं, वाकूनही हात पोहोचेल अशी कडी खाली बसवली, अनोळखी माणसांसाठी साखळी लावली. धुराखालून रांगायचं, दार तापलेलं असेल तर न उघडता बाल्कनीतून हाका मारायच्या, हे बायकोने आईकडून घोकून घेतलं. जिन्यात वाट अडवणारी सायकल हलवायला सांगायला आई स्वतःच शेजाऱ्याकडे गेली.

"बाबा, पेटलं तर मी हिच्यावर बसून जाऊ व्हय?"

संध्याकाळपर्यंत सायकल खाली गेली.

रविवारी आग लागल्याचा इशारा म्हणून बायकोने ताट बडवलं. मदत करायची मला बंदी होती. तोंडाला ओला पंचा धरून, भिंत चाचपत आई रांगत निघाली. मध्येच थांबली तेव्हा मी एक पाऊल पुढे टाकलं, पण बायकोने माझी बाही धरली. कडी वाजली. शिकवल्याप्रमाणे आईने दार मागे ओढून घेतलं आणि आम्ही दोघं आत कान देऊन उभे राहिलो.

थोड्या वेळाने खालून आवाज आला, "आरं, तू जळलास का काय वर?"

जिन्याजिन्यातून लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी धावत उतरलो. फाटकापाशी आई गुडघे झाडत ताठ उभी होती.

सोमवारी आम्ही निघालो, आईने आतून कडी घातली, आणि आम्ही हात हलवत जिना उतरलो.