कन्याकुमारीची गोधडी

दुर्गाबाईंनी अर्धा भारत पाहिला, तो पोळ्या लाटता लाटता. एका यात्रा कंपनीच्या स्वयंपाकघरात त्या पंचवीस वर्षं होत्या. श्रीनगरला पुरणपोळी, जैसलमेरला पिठलं-भाकरी, उटीला साबुदाण्याची खिचडी. पुण्याची मंडळी जिथे जातील तिथे त्यांना घरचं जेवण हवं, आणि ते करायला दुर्गाबाई हव्यात.

नवरा, हिंमतराव, गेले तेव्हा लेक अपेक्षा, त्यांची अपू, चार वर्षांची होती. वाशीमकडून पुण्यात येऊन कुठे सहा वर्षं झाली होती. भोसरीच्या कारखान्यातली त्यांची नोकरी, विश्रांतवाडीतल्या भाड्याच्या दोन खोल्या आणि गावाकडून आलेल्या सासूबाई, एवढा संसार. दुर्गाबाई पोळ्यांच्या कामाला लागल्या. सहली निघायच्या उन्हाळ्यात, दिवाळीत आणि नाताळात. म्हणजे बरोबर शाळेला सुट्टी असेल तेव्हा आई घराबाहेर. निघताना अपू दारात उभी राहायची. रडायची नाही. नुसतं विचारायची, "किती दिवस?"

दुर्गाबाई प्रत्येक गावाहून तिच्यासाठी फ्रॉकचं कापड आणत. जयपूरची बांधणी, मदुराईचं ठिपक्यांचं सुती, पुरीचं विणकरांचं. पण शिंप्याकडे नेणार कोण? सासूबाईंना जिना उतरवत नव्हता आणि दुर्गाबाईंचा पाय घरात ठरत नव्हता. कापडं ट्रंकेत पडत गेली. अपूचं माप वाढत गेलं आणि एक दिवस फ्रॉकचं वयच संपलं.

गुडघ्यांनी दगा दिला तशी दुर्गाबाईंनी नोकरी सोडली. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. अपेक्षा लग्न करून हिंजवडीकडे राहायला गेली होती, तिथल्याच एका कंपनीत कामाला होती. तिला रितिका नावाची आठ वर्षांची मुलगी होती. रिकाम्या घरात दुर्गाबाईंनी ट्रंक उघडली. गोधडी शिवायला त्या लहानपणी आईकडून शिकल्या होत्या; जुन्या साड्यांचे थर, वर ठिगळं आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा. ठिगळं लावता लावता त्यांच्याही नकळत वाळवंट झालं. मग चिनारची पानं झाली. मग मुन्नारचे चहाचे मळे, हिरव्याच्या नऊ छटांत.

शेजारच्या श्रद्धानं ते पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. "काकू, हे लोकांना दाखवायला हवं!" पोरगी उत्साही होती. तिनं एरंडवण्यात एक छोटा हॉल ठरवला आणि अकरा गोधड्या भिंतींवर टांगल्या. प्रत्येकीखाली लावायला तिला दोन ओळी हव्या होत्या. दुर्गाबाई सांगत गेल्या, ती लिहीत गेली.

रविवारी अपेक्षा आली. एकटीच. हात मागे बांधून एकेक गोधडी बघत सावकाश पुढे सरकत होती. दुर्गाबाई खुर्चीत बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. कन्याकुमारीपाशी ती थांबली.

ही गोधडी सगळ्यांत देखणी उतरली होती. खाली तीन पाण्यांचे तीन निळे, वर राखाडी आभाळ आणि मधोमध मदुराईच्या ठिपक्यांच्या केशरी कापडाचा सूर्य. लोक तिच्यापुढेच घुटमळत होते.

अपेक्षानं खालची चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग आईकडे वळली.

"डिसेंबर दोन हजार एक?"

चिठ्ठीत काय आहे ते त्यांना त्या क्षणी आठवलं. सांगताना त्यांना फक्त तो सूर्य दिसत होता. श्रद्धानं शब्द न् शब्द उतरवून घेतला होता: "चार वेळा कन्याकुमारीला गेले, पण उजाडताना नेहमी उपीट ढवळत असायचे. पाचव्या खेपेला, डिसेंबर २००१ मध्ये, सूर्योदय पाहिला. त्यासाठी मुद्दाम थांबले होते."

त्या डिसेंबरात अपू चौदा वर्षांची होती. मदुराईच्या मुक्कामात दुर्गाबाईंनी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पोरगी तापली हाये. दवाखान्यात ठेवली. पण तू नको घाबरू." सहलीचे व्यवस्थापक संजय म्हणाले होते, "दुर्गाताई, जायचं असेल तर सकाळच्या गाडीत बसवून देतो. पोळ्यांचं बघू काहीतरी." आणि त्याच संजयनी आदल्या दिवशी त्यांना कन्याकुमारीची एक सकाळ सुट्टी कबूल केली होती. दहा वर्षांतली पहिली.

ताप काय, उतरेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. सासूबाई आहेत. दोनच दिवसांचा प्रश्न.

सूर्योदय मात्र फार सुंदर झाला. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खडकावर बसून त्या पाऊण तास नुसत्या बघत होत्या आणि त्या पाऊण तासात त्यांना अपूची आठवण आली नव्हती.

ताप टायफॉइडचा निघाला. चार दिवसांनी त्या पोहोचल्या तेव्हा अपूचे कमरेइतके केस कापलेले होते. "तिकीट मिळालं नाही गं," दुर्गाबाई म्हणाल्या. पोरीनं मान हलवली होती.

आता ती सदतीस वर्षांची पोरगी समोर उभी होती.

"तेवीस वर्षं मी रेल्वेला शिव्या घालतेय," अपेक्षा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माफी मागायला हवी त्यांची."

"अपू, ऐक..."

"छान झालीय गोधडी. सूर्य छान आलाय." तिनं पर्स खांद्यावर घेतली आणि ती गेली.

कुणीतरी ती गोधडी मागितली, तेव्हा दुर्गाबाईंनी ती विकायची नाही असं सांगितलं.

अपेक्षाचे फोन थांबले नाहीत. तशी ती नव्हती. दर रविवारी फोन यायचा, पण औषध घेतलं का, लाइट आहे का, एवढ्यावर संपायचा. दुर्गाबाईंनी एक-दोनदा विषय काढून पाहिला. "जाऊ दे आई," एवढंच ती म्हणायची, आणि त्यात सोडून दिल्याचा सूर नसायचा.

मग त्यांनी घराची गोधडी शिवायला घेतली. याच दोन खोल्यांची, अपूच्या लहानपणीच्या. कापडं पसरून बसल्या आणि हात थांबला. काश्मीरच्या हाउसबोटीच्या पडद्यावरची नक्षी त्यांना पाठ होती. स्वतःच्या खिडकीला तेव्हा काय होतं, ते आठवेना. आठवेना तरी कसं म्हणायचं? त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी त्यांनी विचारलं, "अपू, तू अभ्यासाला कुठे बसायचीस गं?"

"ट्रंकेवर. तुझ्या कापडांच्या. का?"

"आणि खिडकीला पडदा?"

"पडदा कुठला! आजीचं जुनं लुगडं होतं. हिरवं."

पुढच्या रविवारी आणखी एक प्रश्न, त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक. शाळेतून आल्यावर ती जिन्यात बसायची, कारण आजी झोपलेली असायची. कॅलेंडरवर ती आईच्या परतीच्या तारखेला गोल करायची. मग तेही बंद केलं, कारण तारखा पुढे जायच्या. अपेक्षा हे सगळं रेशनकार्डावरची माहिती सांगावी तसं सांगायची. दुर्गाबाई ऐकून घ्यायच्या.

एकदा त्यांनी विचारलं, "केस कुणी कापले होते तुझे?"

"हे घालणार आहेस गोधडीत?"

"नाही. सहज विचारलं."

"मग नको विचारू."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गोधडी झाली तशी त्या दोन बस बदलून हिंजवडीला गेल्या. अपेक्षानं ती पलंगावर पसरली. रितिका लगेच वर चढून बसली, "आई, हे काय? हे काय?" करत राहिली. अपेक्षानं ट्रंक दाखवली, जिना दाखवला. खिडकीवरच्या हिरव्या तुकड्यावर तिचं बोट थांबलं.

"रंग याहून गडद होता," ती म्हणाली.

"बदलू?"

"राहू दे." तिनं नीट चार घड्या घातल्या आणि गोधडी कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली. "जेवून जा. पोळ्या गरम आहेत."

दुर्गाबाई ताटावर बसल्या. पोळी तिकोनी घडीची होती, कडेला जराशी जाड. सासूबाई तशी करायच्या. दुर्गाबाईंची पोळी गोल, पातळ, पदर सुटलेली. हजारो माणसांनी वाखाणलेली. लेकीला ती येत नव्हती. कुणी शिकवलीच नव्हती.

"आणखी वाढू?" अपेक्षानं विचारलं.

"वाढ," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि ताट पुढे केलं.