मायनं चहा सोडला

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही – आणि ती तर बायाबायांत सांगत असते की आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. राहतं. हे बरं राहिलं. मेहकरात लोक म्हणतात, सरांनी आईची लय सेवा केली. केलीच ना. शेवटी शेवटी हात धरून न्हाणीत नेलं, डोळ्यांत थेंब घातले, भात कालवून घास भरवला. कोणी असं म्हणालं की मी मान खाली घालतो, आणि त्यांना वाटतं, काय साधा माणूस आहे!

साधा! डोंबलाचा साधा.

चहापासून सुरू करतो, कारण मूळ गोष्टीकडं जायला अजूनही माझा पाय निघत नाही. माझी माय चहाची भारी शौकीन. अद्रक ठेचून टाकलेला, काळपट, गोडमिट्ट चहा. चहा झाल्याशिवाय तिचं तोंड उघडत नसे आणि झाला की बंद होत नसे. पण तिच्या शेवटच्या काही वर्षांत तुम्ही आमच्याकडं आला असता, तर तुम्हाला ती सकाळी त्याच कपात नुसतं गरम पाणी घेऊन बसलेली दिसली असती. तब्येतीमुळं का? नाही. डॉक्टरनं सांगितलं म्हणून? तेही नाही.

तिला काचबिंदू झाला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आणि उरलेली किती टिकेल ते काही सांगता येत नाही. तिला समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं नाही. परतीच्या बसमध्ये मला वाटलं ती रडेल. ती खिडकीला कपाळ लावून बसली होती. मेहकर आलं तेव्हा म्हणाली, "मंग हाय तवरीक मुंबई पाहून घेऊ ना रे बाबू. समुंदर पाह्यला नाही मी."

झालं, घरात दुसरा विषयच नाही. गुरुवारी सुट्टी होती, बुधवार आणि शुक्रवारची रजा टाकली की शनिवार-रविवार जोडून मिळत होते. मुंबईत माझा कॉलेजचा मित्र. त्यानं सांगितलं, आमच्याकडंच उतरा, मी सगळीकडं फिरवतो. माय टीव्हीवर जे पाहील ते यादीत घालायची – राणीचा बाग, दुमजली बस, दिव्यांची ती वाकडी रांग. पण तिच्या मनात खरं दोनच गोष्टी होत्या. एक समुद्र. आणि दुसरी म्हणजे एक थाळीचं हॉटेल, जिथं वाढपी चारी बाजूंनी येतात आणि ताट रिकामंच होऊ देत नाहीत. ती म्हणायची, "जिंदगीभर मी वाढून राह्यली. एक डाव मले कोणी वाढावं. मी उठणारच नाही, पाह्यजा!"

आता अडचण अशी की मित्राला त्या हॉटेलात जागा मिळाली ती गुरुवारची. माय गुरुवार करायची – शेगावच्या महाराजांचा उपास. माझ्या जन्माच्या आधीपासून. तापातसुद्धा मोडला नव्हता. ती विचारात पडली. देवापाशी बसून राहिली, आतबाहेर करत राहिली, आणि मग एका सकाळी चहाचा कप तोंडाला लावत लाजून म्हणाली, "एक गुरवार मोडीन म्हन्ते. महाराज समजून घेतीन. त्यायलेही माहीत हाय ना, डोळे चालले म्हून."

किती आनंदात होती ती! आणि मी? मीही होतो. खरंच होतो – त्या रविवारपर्यंत.

त्या रविवारी मित्राच्या घरून व्हिडिओ कॉल आला. माय सरसावून पुढं बसली, पडद्याला जवळजवळ नाकच लावलं, आणि मित्राच्या बायकोला मोठ्यानं म्हणाली, "काऊन वो बाई, तुमच्या इकडचा समुंदर रातच्यालेही हलूनच राह्यते का? झोप नाही का त्याले?" तिकडं हशा पिकला. त्यांची मुलगी "हलूनच राह्यते, हलूनच राह्यते" करत सोफ्यावर लोळली. वहिनी पुण्याच्या. हसू दाबत म्हणाल्या, "किती गोड बोलतात हो तुमच्या आई! हॉटेलातही अशाच बोलतील ना? मज्जा येईल." माय खूश. तिला वाटलं, आपण आवडलो. आवडलीही असेल, कोणाला माहीत. मी हसलो. तोंडभर हसलो – त्यांच्या बाजूनं.

मी शाळेत मराठी शिकवतो. पोरांनी वहीत 'मले' लिहिलं की लाल रेघ मारतो. पुण्यात शिकत असताना माझ्या बोलण्याची खोलीभर नक्कल व्हायची, तेव्हापासून मी जीभ घासून घासून गुळगुळीत केली होती. आणि आता ही बाई त्या थाळीच्या हॉटेलात, भर गर्दीत, वाढप्याला "काऊन बाप्पा, भाजी वाढून राह्यला का टिपूस टाकून राह्यला" म्हणणार, आणि बाजूच्या टेबलावरचे लोक वळून पाहणार – माझ्याकडं! मला लाज वाटली. मायची. जिनं मला बोलायला शिकवलं, तिच्या बोलण्याची.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, शाळेच्या व्हरांड्यात उभा राहून, मी मोबाइलवर तिचं तिकीट रद्द केलं. पोरं आजूबाजूला डबे खात होती. एका अंगठ्याचं काम होतं, वेळ लागला नाही.

तिकिटं मीच काढली होती, कोणी पाहिली नव्हती. घरी सांगितलं, मी, बायको, मुलगी – सगळ्यांची झाली, मायचं तेवढं वेटिंगवर आहे. बायको म्हणाली, "मंग माह्या तिकिटावर मायले न्या. मी राह्यते घरी. त्यायचे डोळे थांबतीन का?" मी म्हणालो, तिकिटावरचं नाव बदलता येत नाही. येतं. घरातल्या माणसासाठी येतं, मला पक्कं माहीत होतं. बायकोनं माझ्यावर विश्वास ठेवला.

गाडी शेगावहून होती. तरी माय तिथपर्यंत आलीच. "वेटिंगचं काई सांगता येत नाही, ऐन वक्तालेही निंघते," म्हणत पिशवी भरून आली. नवं लुगडं, मित्राच्या घरी द्यायला मुगाच्या वड्या. खामगावला बस बदलताना तिनं ती पिशवी कोणाच्या हातात दिली नाही. देवळात जाऊन आलो. संध्याकाळी स्टेशनवर ती बाकावर बसली आणि मला म्हणाली, "जा, पाहून ये बरं." मी मोबाइल हातात घेऊन फलाटाच्या टोकापर्यंत गेलो. नळाजवळ उभा राहिलो. पाणी प्यालो. परत आलो आणि तिच्यासमोर नकारार्थी मान हलवली – पण मी जरा बाजूला उभा होतो, तिला दिसलंच नाही. ती तशीच तोंड वर करून वाट पाहत राहिली. मग मला तोंडानं बोलावं लागलं. नाही झालं माय, म्हणालो.

तिनं मांडीवरची पिशवी उघडली. मग म्हणाली, "असू दे. जा तुम्ही. पोरीचा हिरमोड नको करू. मी इथंच महाराजाजवळ भक्तनिवासात राह्यते, येतानी घेऊन जाजा मले." वड्यांचा पुडा तिनं माझ्या मुलीच्या हातात दिला. गाडी हलली तेव्हा माय हात हलवत होती. दुसऱ्याच डब्याकडं पाहून.

मुंबईत मित्रानं विचारलं, आई का नाही आल्या? तब्येत बरी नाही, म्हणालो. एकदा सुरू केल्यावर काय, भराभर निघतं तोंडातून. गुरुवारी आम्ही त्या हॉटेलात जेवलो. वाढपी खरंच चारी बाजूंनी येत होते. मी पोटभर जेवलो – हेही सांगतो, घास घशात अडकला वगैरे काही झालं नाही. समुद्रावर बायकोनं पाण्याच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, मायसाठी. मी म्हणालो, हा काय खुळेपणा. आजूबाजूला लोक होते ना!

परत शेगावला उतरलो तर माय स्टेशनबाहेर येऊन बसली होती. बाटलीतलं पाणी तिनं बोटानं जिभेला लावलं आणि हसली. मी टपरीवर सगळ्यांसाठी चहा सांगितला. तिनं ग्लास बाजूला सारला. "मी सोडला," म्हणाली. आम्हाला वाटलं गंमत करते. तेव्हा तिनं सांगितलं – अगदी शांतपणे, जसं हिशेब लागल्यावर माणूस सांगतो तसं – "गुरवार मोडाचा इचार आणला ना मी मनात. म्हून महाराजानं टेसनावरून परत बोलावलं. नाईतर सगळ्यायचं तिकीट होते अन् माह्यंच काऊन होत नाही? चुकी माही हाय. हात जोडून चहा सोडला, जलमभराचा."

तीच वेळ होती. आता काय बोलायला हवं होतं ते तुम्हालाही कळतंय, मलाही तेव्हा कळत होतं. महाराज कुठले अडवतात, मी अडवलं – एवढंच. तिनं मला शिव्या दिल्या असत्या, पोटभर दिल्या असत्या, आणि मग चहा प्याली असती. त्याच आठवड्यात पुन्हा पिशवी भरून बसली असती. मी काय केलं? म्हणालो, थंड होतोय. आणि तिच्या वाटचा ग्लास मीच पिऊन टाकला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला म्हणालो, चल माय, आता मुंबईला जाऊ, फक्त तू आणि मी. खरंच म्हणालो. ती घाबरली. "नाही बाप्पा! महाराजाले पसंत नाही ते." हॉटेलचं तर नावच काढू देत नसे. थंडी संपेपर्यंत तिची उरलेली नजरही गेली. शेजारणी विचारायच्या, मावशी, मुंबई राहिलीच ना तुमची? तर म्हणायची, लेकानं लय कोशिश केली वो, माह्याच नशिबात नव्हती. मी आतल्या खोलीत वह्या तपासत ऐकायचो.

आणि रोज सकाळी मी तिच्यासमोर बसून चहा प्यायचो. ती गरम पाण्याचा कप दोन्ही हातांत धरून माझ्याकडं तोंड करायची. म्हणायची, "आज अद्रक जास्त पडलं वाट्टे." किती सकाळी तशा गेल्या! त्यातल्या कोणत्याही सकाळी सांगता आलं असतं. मी भ्यायलो. ती रागावेल म्हणून नाही – ती माझं बोलणं ऐकेल, थांबेल, आणि मग म्हणेल, "माही लाज वाटली का रे तुले?" याला भ्यायलो.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. शेवटच्या दिवसांत बायकोनं चमचाभर चहा ओठांना लावून पाहिला. मायनं ओठ घट्ट मिटून घेतले. मी पायथ्याशी उभा होतो.

दहाव्याला पैनगंगेवर बायकोनं थर्मासमधून चहा आणला आणि पिंडाजवळ कप भरून ठेवला. माझी म्हातारी मामी म्हणाली, "सोडला होता न तिनं? देवापुढं सोडलेलं हाय, ठेवू नका." बायको म्हणाली, आता कसली बंधनं, पिऊ द्या त्यायले. दोघींत वाद सुरू झाला. मग सगळे माझ्याकडं पाहायला लागले. लेक मी. मी सांगेन तेच होणार होतं.

मी म्हणालो, हो, सोडला होता. कप उचलला, बाजूला जाऊन वाळूत ओतला. अद्रकाचा वास आला.

परत येऊन बसतो न बसतो तोच कावळा शिवला. लगेच शिवला. मामीनं हात जोडले आणि म्हणाली, "पाह्यलं? काईच इच्छा राह्यली नाही तिची. लेकानं सगळं केलं."

मी मान खाली घातली.